जोडीशिवाय पाण्यात उतरायचं नाही

रविवार, १६ एप्रिल १९६१, अकोला

आले एकदाची. भातकुलीला घरी भीमजयंती आटोपून काल अमरावतीला, आणि आज सकाळच्या मोटारीनं इथे. ट्रंक, वळकटी, माठ आणि आईनं दिलेला कुरड्यांचा डबा एवढा संसार. माठ मूर्तिजापूरला फुटला. बाकी सगळं धड पोचलं.

खोली बघून मी हरखलेच. कापसाच्या जिन-कारखान्याच्या आवारात, कडुनिंबाखाली, पुढे ओटा, मागे मोरी, आणि खिडकीतून समोरच हौद. जिन आता बंद आहे, कापसाचा हंगाम संपला. गोदामात गठाणी तेवढ्या रचलेल्या आहेत. कापूस म्हटला की आगीची भीती, म्हणून जुन्या मालकानं हा हौद बांधून ठेवला होता. सध्याच्या सेठच्या सूनबाई अमरावतीला शिकलेल्या. त्यांच्या मनात आलं की उन्हाळ्यात पोरींनी पोहायला शिकावं. मग एका बाजूला फरशी बसली, पायऱ्या झाल्या, आणि बाई पाहिजे म्हणून शोध सुरू झाला. अमरावतीच्या व्यायामशाळेत मला पोहायला शिकवलेल्या सरांनी माझं नाव सुचवलं. सकाळी पोरींना शिकवायचं आणि दिवसभर कोणाचं लेकरू पाण्यात पडू नये म्हणून नजर ठेवायची, असं काम आहे.

बाबा बडनेऱ्याला रेल्वेत गँगमन आहेत. निघताना म्हणाले, मी जन्मभर लाल झेंडी दाखवून गाडी थांबवली, तू आता शिट्टी मारून पोट्ट्या थांबव. नवी कोरी शिट्टी गळ्यात घालूनच झोपणार आहे आज.

सोमवार, १७ एप्रिल

आज हौदाची नीट पाहणी केली आणि निम्मा हरख तिथेच उतरला. एका टोकाला कमरेएवढं पाणी, दुसऱ्या टोकाला दोन पुरुष खोल, आणि मध्ये ना दोरी ना खूण. भोवती कठडा नाही. आवाराच्या फाटकाला कडी नाही, दगड लावून बंद करतात. पायऱ्यांवर असं शेवाळ की मीच दोनदा घसरले. कोणी बुडायला लागलं तर पुढे करायला साधा बांबू नाही. लहान लेकरांच्या जागेत हे असं कोणी ठेवतं?

मॅनेजर वामनराव यांच्याकडे गेले. माणूस गोड बोलतो. आधी त्यांनी माझं आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात आमचं घर कोणत्या अंगाला आहे ते विचारलं. मी म्हटलं, कशाला एवढं फिरून येता, बौद्ध आहे मी. म्हणाले, छे छे बाई, आम्ही तसलं काही मानत नाही. मग चहा मागवला. त्यांचा कपबशीत आला, माझा काचेच्या पेल्यात.

कठड्याचं, कडीचं, बांबूचं सगळं सांगितलं. म्हणाले, पाहू. शेवाळ मी स्वतः वीट घेऊन घासलं. हात सोलवटलेत.

बुधवार, १९ एप्रिल

पोरी आल्या. आवाराच्या आसपासच्या मळ्यातल्या, रेल्वे क्वार्टरमधल्या, मुनीमजींच्या घरातल्या. जुने फ्रॉक घालून पाण्यात उतरल्या आणि जो काही कालवा केला, कान किटले.

पहिला नियम आजच लावला. पाण्यात प्रत्येकीला एक जोडी. दोघींनी एकमेकींवर लक्ष ठेवायचं. शिट्टी वाजली की असाल तिथे थांबायचं, जोडीचा हात धरायचा आणि दोन्ही हात पाण्याच्या वर करायचे. मी काठावरून एक नजर टाकली की कळतं कोणी पाण्याखाली नाही. एकटा हात दिसला की मी उडी घेणार. जिला जोडी नाही तिनं पाण्यात उतरायचं नाही. मी स्वतः काठ सोडायचा नाही, कारण राखणदारच पाण्यात खेळायला लागला तर राखण कोणाची?

दहा वेळा शिट्टी मारून घोकून घेतलं. हात असे भराभर वर आले की मला खूप समाधान वाटलं. वामनराव लांबून बघत होते. म्हणाले, बाई, तुमी तं पलटणच उभी करून राहिल्या.

शुक्रवार, २१ एप्रिल

आज इंदूबाई तिच्या पोरीला घेऊन आली. इंदूबाई गोदाम झाडते, पलीकडच्या आमच्याच लोकांच्या वस्तीत राहते. पोरगी नऊ वर्षांची, मैना नाव, काटकुळी आणि भलती बोलकी. आल्या आल्या मला विचारलं, बाई, तुमी मासोळीसारख्या पोयता का?

मैनाला कोणी जोडीला घेईना. एकीनं हात पाठीमागे लपवला. दुसरी म्हणाली, माही माय रागावते. शेवंती म्हणून एक चुणचुणीत पोरगी आहे, माणिकबाई फुलवालीची. ती नुसतीच पाण्याकडे बघत राहिली. मी आवाज चढवून म्हटलं, धर तिचा हात. शेवंतीनं फ्रॉकचा कोपरा पुढे केला, हात नाही.

माझं डोकं असं फिरलं की शिट्टी फेकूनच देणार होते. मैना हसून म्हणाली की ती पायरीवर बसते, तिला काही वाटत नाही. नऊ वर्षांच्या लेकराला हे आधीच पाठ आहे.

सोमवार, २४ एप्रिल

मला वाटलं होतं, समजावून सांगितलं की होईल. कसलं काय. आज चार बाया फाटकाशी उभ्या. पुढे माणिकबाई, डोक्यावर झेंडूची टोपली. तिचं म्हणणं, पाणी एक झालं तेवढंच पुरे, पाणी वाहून जाते, पण हाताले हात कावून लावावा? मी म्हटलं, बुडताना जात विचारून कोणी बुडत नाही. ती म्हणाली, बाई, तुमी शिकवाचं काम करा, आमच्या घरचं आमी पाहू.

वामनरावांनी मला आत बोलावून हळू आवाजात सांगितलं की जास्त ताणू नका, पोरी यायच्या बंद झाल्या तर सूनबाईंची हौस बुडेल आणि तुमची जागाही. मैनानं आपला एकटीचा हात वर करावा, असा तोडगाही काढला. मी म्हटलं, एकटा हात म्हणजे बुडालेल्या पोरीची खूण आहे हो. ते म्हणाले, पाहू. या माणसाच्या तोंडून दुसरा शब्द निघत नाही की काय?

गुरुवार, २७ एप्रिल

मैना रोज येते आणि पायरीवर बसते. पाय पाण्यात, हनुवटी गुडघ्यावर. मी तिला वर्ग संपल्यावर दहा मिनिटं शिकवते, तेव्हा मी तिच्या सोबत उतरते. बाकी वेळ ती पाण्याशी बोलत असते. पोरी ओरडतात, हसतात, आणि ही खोल टोकाकडे बघून काहीतरी पुटपुटते. मला वाटतं, कंटाळून खेळ काढला असेल तिनं.

कठडा नाही, कडी नाही, बांबू मीच वस्तीतून मागून आणला.

रविवार, ३० एप्रिल

आज बुद्धपौर्णिमा. सुट्टी. इंदूबाई खीर घेऊन आली. ओट्यावर दोघी बसलो. मैनानं खीर संपवली आणि म्हणाली, बाई, मले जोडी भेटली, उद्यापासून उतरू का? मी आनंदानं हो म्हटलं. कोण गं, विचारलं तर लाजली. वाटलं, शेवंतीच असणार. पोरीच शेवटी शहाण्या निघतात.

मंगळवार, २ मे

कालपासून मैना पाण्यात आहे. शिट्टी मारली की तिचा हात वर, आणि त्यात दुसरा हात. काल, आज, दोन्ही दिवस बघितलं. हौदाच्या मधोमध असतात त्या, उन्हाची तिरीप पाण्यावर पडते म्हणून तोंडं नीट दिसत नाहीत. हात तेवढे दिसतात. मैनाचा काळासावळा, आणि दुसरा फिकट, मनगटात एक हिरवी बांगडी. बांगडी घालून पाण्यात यायचं नाही असं बजावलं होतं, पण म्हटलं जाऊ दे, हात धरला आहे ना पोरीचा. किती दिवसांनी मी पोटभर जेवले.

बुधवार, ३ मे

आज वर्ग संपल्यावर शेवंतीला जवळ घेतलं आणि म्हटलं, शाब्बास. ती गोंधळली. म्हणाली, तिची जोडी मुनीमजींची पोरगी आहे, पहिल्या दिवसापासून. मग मी एकेकीला विचारलं. प्रत्येकीला आपली जोडी आहे. प्रत्येकीनं शपथ घेतली की मैनाला शिवलं नाही. हिरवी बांगडी कोणाच्याच हातात नाही.

मैनाला विचारलं. ती म्हणाली, ते मोठी आहे बाई, ते बाहेर येत नाही.

पोरी खोटं बोलत असतील. आईच्या भीतीनं बोलतात.

शुक्रवार, ५ मे

आज मी काठाकाठानं चालत अगदी जवळ गेले आणि मग शिट्टी मारली. मैना मानेपर्यंत पाण्यात होती. हात वर. दुसरा हातही वर, कोपरापर्यंत. कोपराखाली पाणी. तिथे डोकं असायला हवं होतं. नव्हतं. पाणी नितळ आहे, तळ दिसतो. हाताखाली कोणी नव्हतं.

मी ओरडले नाही. सगळ्या पोरींना शांतपणे बाहेर काढलं. सगळ्यात शेवटी मैना आली. तिचा उजवा पंजा दिवसभर पाण्यात भिजल्यासारखा पांढरा, सुरकुतलेला. डावा नेहमीसारखा. मनगटावर चार बोटं उमटलेली.

उन्हानं माझं डोकं फिरलं असेल म्हणून दोनदा डोळे धुतले. बोटं तशीच.

सोमवार, ८ मे

वामनरावांना सांगितलं. सगळं नाही, अर्धंच. म्हटलं, हौद रिकामा करा, आत काहीतरी आहे. ते म्हणाले, गोदामात गठाणी आहेत, विम्यावाले येऊन पाण्याची पातळी बघतात, ठिणगी पडली तर तुमी विझवान का? मी म्हटलं, निदान कठडा. म्हणाले, पुढच्या हंगामात. फाटकाला कडी? सुतार लग्नाला गेला आहे. एका कडीसाठी तीन आठवडे झाले. मी टेबलावर हात आपटला तेव्हा त्यांनी आधी टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मैनाला पाण्यात यायला बंदी केली. ती रडली. म्हणाली, मंग ते एकटी राहीन. मी विचारलं, कोण एकटी राहील?

मंगळवार, ९ मे

इंदूबाईला आज बसवून विचारलंच. ती आधी टाळत होती. मग पदरानं तोंड पुसून एकदाचं सांगितलं.

बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तेव्हा हा हौद पोहण्याचा नव्हता, आणि आमच्या लोकांनी याला हात लावायचा नव्हता. वस्तीतली विहीर आटली होती. पंचफुला म्हणून बारा वर्षांची पोरगी भरदुपारी घागर घेऊन चोरून आली. पाय घसरला. घागर बुडाली, ती नाही बुडाली लगेच. तिनं काठाकडे हात वर केला. काठावर माणसं होती, कामावरचीच. कोणी हात धरला नाही. विटाळ. एक जण धावत वस्तीत गेला, तिच्यातलं माणूस आणायला. म्हणजे त्यांना वाईट वाटत होतं, इंदूबाई म्हणाली, ते बोंबलत होते, कोणी तं रडत होता. पण माणूस येईस्तोवर हात वरच होता, आणि मग नव्हता. मनगटात हिरवी बांगडी होती, तिच्या मामाच्या लग्नात भरलेली.

मी ऐकत बसले. रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. आणि मग लक्षात आलं की मी काय करून बसले आहे. दिवसातून दहा वेळा शिट्टी मारून त्या पाण्याला मी सांगत होते की हात वर करा, कोणीतरी धरेल. आणि एक पोरगी मी रोज रिकाम्या हातानं पायरीवर बसवून ठेवत होते.

इंदूबाईला म्हटलं, मैनाला घेऊन भातकुलीला जा, माझ्या आईकडे. ती म्हणाली, काम सोडून कशी जाऊ बाई, मंग खाऊ काय? बरोबरच आहे तिचं.

गुरुवार, ११ मे

दुपारी बाराला आवारात चिटपाखरू नव्हतं. ऊन नुसतं ओतत होतं. पाणी प्यायला उठले आणि खिडकीतून बघितलं तर मैना पायरीवर. उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात. फाटकाचा दगड बाजूला.

पळाले. तिला कमरेला धरून ओढलं. पाणीही ओढत होतं. नऊ वर्षांच्या काटकुळ्या पोरीचं वजन किती असणार, पण मला दोन्ही टाचा रोवाव्या लागल्या. मग एकदम सुटलं आणि आम्ही दोघी मागे आपटलो. मैना म्हणाली, तिनं बोलावलं नव्हतं, मीच आले, ते लय दिवसची एकटी आहे.

तिला मारलं मी. दोन रट्टे दिले. नंतर कुशीत घेऊन बसले.

शुक्रवार, १२ मे

बाजारातून साखळी आणि कुलूप आणलं, स्वतः फाटकाला लावलं. संध्याकाळी बघते तर उघडं. वामनरावांच्या खिडकीच्या वाळ्याच्या ताट्या भिजवायला हौदातून पाणी न्यायचं होतं म्हणून गड्यानं कचेरीत ठेवलेली किल्ली घेतली आणि कुलूप तिथेच लटकत ठेवलं. विचारलं तर म्हणे, एवढ्यानं काय होते बाई.

एवढ्यानं काय होते. या वाक्यावर इथलं सगळं चाललं आहे.

पोरींना आज शेवटचं सांगितलं. ओरडून नाही, हात जोडून. कोणीतरी एकीनं मैनाला जोडीला घ्यावं, नाहीतर ती दुसरी कोणाची होईल. सगळ्या खाली बघत होत्या. शेवंतीनं वर बघितलं, मग फाटकाकडे, आई आली का म्हणून.

शनिवार, १३ मे

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळचा वर्ग. मैनाला माझ्या खुर्चीशी बसवलं होतं, माझा पदर तिच्या मुठीत. मुनीमजींची पोरगी शेवाळावर घसरली, कपाळ फुटलं. मी तिला उचलायला वाकले. वळले तर पदर मोकळा.

शिट्टी मारली. सगळ्या जोड्या वर. आणि खोल टोकाला एकटा हात. मैनाचा. एकटाच.

काष्टा मारलेलाच होता, उडी घेतली. खाली ती डोळे उघडे ठेवून होती, घाबरलेली नव्हती. तिचा दुसरा हात कोणीतरी धरला होता. मी ती बोटं सोडवायला गेले. सुटेनात. थंड, मऊ, आणि पक्की. माझा श्वास संपत आला. मग सुचलं ते केलं. माझा डावा हात मध्ये घातला. मनात म्हटलं, हिला सोड, माझा धर. मी तुझी जोडी.

लगेच सोडलं तिला. इतकं लगेच, की मला वाईट वाटलं. तिला कोणाचाही चालला असता.

मैनाला वर आणलं पण काठ उंच, धरायला कठडा नाही, पकडायला काही नाही. बांबूही पायरीपाशीच राहिला. तेवढ्यात शेवंती काठावर पालथी पडली आणि तिनं हात खाली सोडला. फाटकातून माणिकबाई ओरडली, शेवंते, शिवू नोको. शेवंतीनं मैनाचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. बाकीच्या पोरींनी शेवंतीचे पाय धरून ओढलं.

मैना जिवंत आहे. उलटीतून पाणी निघालं. आता झोपली आहे.

माझा हात मीच काढून घेतला, असं मला तेव्हा वाटलं.

सोमवार, १५ मे

वामनरावांनी उपाय केला. पाटी रंगवून लावली: पाण्यात उतरणे धोक्याचे आहे. निम्म्या पोरींना अक्षरओळख नाही. पाटीला खिळे मिळाले, कडीला नाही.

माणिकबाईनं शेवंतीला घरी नेऊन डोक्यावरून पाणी ओतलं म्हणे. तरी आज शेवंती आली. मुनीमजींची पोरगी कपाळ बांधून घरी, म्हणून शेवंतीला जोडी नव्हती. ती सरळ मैनाकडे गेली. उथळ बाजूला उतरल्या दोघी.

शिट्टी मारली. दोन हात वर, एकमेकांत. दोन्ही काळेसावळे, दोन्ही कोपरांखाली डोकी, दोन्ही तोंडं हसणारी. माणिकबाई फाटकात उभी होती. तोंड वाकडं करून बघत राहिली, पण हाक मारली नाही.

मी काठावर खुर्चीत बसून रडले. आणि बघते तर माझा डावा हातही वर. मी वर केला नव्हता.

बुधवार, १७ मे

सुट्टी काढून निघाले. आईकडे. मोटारीत खिडकीशी बसले, शेजारची जागा रिकामी. कंडक्टरनं दोन तिकिटं फाडली. मी म्हटलं, एकच. तो म्हणाला, बाई, लेकराचं अर्धं घ्याच लागते. मी भांडले. तो बाकावर बोट दाखवून म्हणाला, हे ओलं कोणी केलं मंग?

मूर्तिजापूरला उतरले. परतीच्या मोटारीनं परत. ही भातकुलीला आईच्या विहिरीवर नको.

डावा पंजा पांढरा पडला आहे. वाळत नाही.

गुरुवार, १८ मे

ती वाईट नाही. हे लिहून ठेवते. ती रागावलेली नाही. नुसती धरते, आणि ओढते, घराकडे ओढावं तसं. मी समजावते. म्हणते, माझं काम काठावर आहे, मी उतरायचं नाही, तूच इकडे बस. थोडा वेळ ऐकते. मग पुन्हा—

हात खिडकीला बांधून ठेवला. दोर ओला झाला, गाठ सुटली.

सोडून गेले तर? पुढची बाई येईल, पुढची एखादी पायरीवर बसवलेली पोरगी असेल. नाही. वामनरावांना पुन्हा सांगितलं, हौद उपसा. जूनमध्ये पाहू म्हणाले. जूनमध्ये. माझ्या हाताकडे बघितलं, खुर्ची मागे सरकवली.

शुक्रवार, १९ मे

दुपार. पोरींना सकाळीच घरी पाठवलं. मैना आणि शेवंती निंबाखाली बसल्या आहेत, जात नाहीत. त्यांना बजावलं, काही दिसलं तरी पाण्याजवळ यायचं नाही, एकमेकींचा हात सोडायचा नाही. शेवंतीनं दाखवला, घट्ट धरला होता. तेवढं झालं. तेवढं तरी झालं.

ओढ वाढली. खुर्ची दोनदा सरकली. उजव्या हातानं खिडकीचा गज धरून बसले होते, लिहायला सोडला—

वामनराव दारात आले होते, आवाज ऐकून. मी म्हटलं, माझा हात धरा. दुसरा, कोरडा. फक्त धरून ठेवा, दोघांचं वजन झालं तर ती— ते उंबऱ्यावर थांबले. त्यांचा हात अर्धा पुढे आला. मी बघितलं तो, आला होता. मग खिशात गेला. म्हणाले, थांबा बाई, इंदूबाईले बोलावतो, तुमच्यातलं कोणी—

धावत गेले. खरंच धावत गेले, घामाघूम. वाईट वाटलं असेल.

इंदूबाई गोदामाच्या त्या टोकाला. लांब आहे.

दार उघडं. ओट्यावर ओली पावलं, एकच जोड. माझी की—

शिट्टी मारून बघितली. म्हटलं, नियम आहे, ऐक, शिट्टी झाली की हात वर करायचा. वर. तुला शिकवते मी, असा, वर—

तिनं धरला आहे. पण ती वर नाही नेत, ती खाली